हेल्मेट, शाळा आणि सक्ती

कुणीतरी गाडीची किल्ली उचलून घराबाहेर पडतंय आणि आतून आवाज येतो, "हेल्मेट घेतलंस का?" पुण्यात राहत असाल तर हे वाक्य तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल. पण त्यातलं क्रियापद कधी नीट ऐकलंय? आई "घातलंस का?" असं विचारत नाही. "घेतलंस का?" असं विचारते. डबा घेतलास का, छत्री घेतलीस का, तसंच. म्हणजे हेल्मेट ही बरोबर बाळगायची वस्तू आहे. मग ते टाकीवर ठेवलेलं असतं, आरशाला लटकवलेलं असतं, कोपरात अडकवलेलं असतं, नाहीतर डिकीत असतं. चौकात मामा दिसले की ते डोक्यावर जातं आणि चौक ओलांडला की पुन्हा खाली येतं.

माझ्या पीएचडीचा विषय हेल्मेट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात 'लोकांच्या भल्यासाठी' म्हणून जे कायदे आणि हुकूम आले, त्यांवर इथल्या लोकांनी काय वाद घातले, हे मी वाचते. पण दिवसभर जुनी वर्तमानपत्रं वाचून संध्याकाळी गाडीवरून घरी निघाले की रस्त्यात तेच वाद नव्या शब्दांत ऐकू येतात. म्हणून यावेळी थोडं विषयांतर करून 'हेल्मेट' या एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहिते. तो कुठून आला, मराठीत कसा रुळला आणि पुण्यात आल्यावर त्याच्या शेपटाला 'सक्ती' कशी चिकटली, याची ही गोष्ट आहे.

शब्द कुठला?

जुन्या इंग्रजीत आणि इतर जर्मानिक भाषांत 'हेल्म' म्हणजे डोक्याचं रक्षण करणारं आच्छादन. त्याला जुन्या फ्रेंचमध्ये 'लहान' असा अर्थ देणारा प्रत्यय लागला आणि 'हेल्मेट' झालं. म्हणजे मुळात 'छोटं हेल्म'. भाषांची तुलना करणारे अभ्यासक याच्याही मागे जातात. 'झाकणं, आडोसा करणं' अशा अर्थाचा एक फार प्राचीन धातू ते मानतात आणि त्याच कुळात इंग्रजीतले 'हॉल', 'सेल' म्हणजे कोठडी, असे शब्द धरतात. गंमत म्हणजे संस्कृतमधला 'शाला' हा शब्दही याच कुळातला मानला जातो. म्हणजे आपली 'शाळा' आणि हे 'हेल्मेट' ही लांबची चुलत भावंडं आहेत. एकाचा आडोसा अख्ख्या माणसाला, दुसऱ्याचा फक्त डोक्याला. हे नातं लक्षात ठेवा, कारण पुण्यात या दोघांची पुन्हा गाठ पडणार आहे.

मग मराठीत या वस्तूला शब्द नव्हता का? होता, एक नव्हे अनेक होते. संस्कृतातून आलेला 'शिरस्त्राण' होता. शिर म्हणजे डोकं आणि त्राण म्हणजे रक्षण. याच साच्यातला 'पादत्राण' आजही जिवंत आहे. देवळाबाहेर, वाड्याच्या जिन्यापाशी "पादत्राणे येथे काढावीत" अशी पाटी तुम्ही वाचता. पायांचं त्राण पाटीवर टिकलं आणि डोक्याचं त्राण शब्दकोड्यात आणि ऐतिहासिक नाटकांत जाऊन बसलं. खुद्द 'त्राण' या शब्दाचा अर्थही बोलण्यात सरकला आहे. "अंगात त्राण नाही उरलं" असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला ताकद म्हणायचं असतं, रक्षण नाही.

दुसरा शब्द 'टोप' आणि त्यातला सगळ्यांना माहीत असलेला 'जिरेटोप'. यातल्या 'जिरे'चा फोडणीशी संबंध नाही. फारसीत 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्यांचं चिलखत, त्यावरून तो आला असं मानतात. अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढवलं होतं आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप होता, ही १६५९ ची हकीगत आपण शाळेपासून ऐकत आलोय. नीट पाहिलं तर त्या गोष्टीत संरक्षण लपवलेलं आहे. वरून दिसायला पागोटं, आत लोखंड. डोक्यावरचं वस्त्र हे मानाचं आणि ओळखीचं, तर लोखंड हे जिवाचं. दोघांची कामं वेगळी होती आणि ती एकावर एक चढवता येत होती.

मग दुचाकीवरच्या टोपाला आपण 'टोप' किंवा 'शिरस्त्राण' का म्हटलं नाही? मला वाटतं, कारण साधं आहे. ते शब्द लढाईचे होते. शिरस्त्राण घालून माणूस रणांगणावर जातो, मंडईत भाजी आणायला जात नाही. रोजच्या वापराची एक नवीच वस्तू आली, तिच्याबरोबर तिचं नाव आलं आणि आपण ते जसंच्या तसं घेतलं. स्कूटर, ब्रेक, क्लच, स्टँड, डिकी यांच्या शेजारी 'हेल्मेट' सहज बसलं. लिंगही ठरून गेलं, 'ते हेल्मेट'. आज चौथीतल्या मुलालाही हा शब्द परका वाटत नाही.

एका मोटरसायकलचा अपघात

वस्तू म्हणूनही दुचाकीचं हेल्मेट फार जुनं नाही. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटरसायकलवरून घरी चालले होते. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते फेकले गेले आणि डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे तरुण शल्यचिकित्सक होते. त्यांच्या डोक्यातून तो रुग्ण गेला नाही. पुढे महायुद्धात निरोप पोचवणारे लष्करी मोटरसायकलस्वार मोठ्या संख्येने डोक्याला मार लागून मरत होते. केर्न्स यांनी त्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हेल्मेटचं महत्त्व सांगणारा लेख लिहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं. नागरिकांसाठी असा कायदा सर्वांत आधी केला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताने, १९६१ मध्ये.

यातलं एक लक्षात घ्या. जिरेटोप तलवारीच्या वारासाठी होता, म्हणून त्याचं काम कठीण असणं. आजच्या हेल्मेटचं निम्मं काम मऊ असण्याचं आहे. बाहेरचं कवच धक्का पसरवतं आणि आतला थर्मोकोलसारखा थर चेपला जातो. डोकं एकदम न थांबता किंचित जास्त वेळ घेऊन थांबतं. कवटीच्या आत मेंदू द्रवात असतो. डोकं थांबलं तरी तो पुढे जाऊन आपटतो. त्या थांबण्यातला सेकंदाचा अगदी छोटा भाग वाढवणं, एवढंच हेल्मेट करतं. म्हणून रस्त्याकडेला मिळणारी, आत नुसता कापडी अस्तर असलेली अर्धी टोपी हेल्मेटसारखी दिसते, पण हेल्मेटचं काम करत नाही. मामांना दाखवायला ती पुरते.

हेल्मेटचा उपयोग होतो का, या प्रश्नाचं उत्तरही आता अंदाजावर राहिलेलं नाही. जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं, की अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मरणाचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका साधारण ६९ टक्क्यांनी कमी होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ होती. त्यांपैकी १४ हजारांहून जास्त मागे बसलेली माणसं होती. म्हणजे बहुधा कुणाची तरी आई, बायको, मैत्रीण, नाहीतर मुलगा.

दुचाकींचं शहर

पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, हे घरातल्या मोठ्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच. मग साठच्या दशकात आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनायला लागल्या, आधी इटलीच्या पियाज्जिओच्या परवान्यावर व्हेस्पा आणि १९७२ पासून चेतक. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची लूना आली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस होते ते. सायकल चालवणारं शहर हळूहळू, पण पुरतं, गिअरच्या आणि मग बिनगिअरच्या गाडीवर चढलं. २०१८ मध्ये परिवहन खात्याच्या आकड्यांत पुण्यातली नोंदणीकृत वाहनं ३६ लाखांच्या वर गेली, शहराच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त, आणि त्यात बहुसंख्य दुचाकी होत्या.

पण सायकलवरची सवय मात्र गाडीबरोबर आली. सायकलवर डोक्यावर काय असायचं? काळी टोपी, गांधी टोपी, पदर, नाहीतर काहीच नाही. सायकल ही शेजारच्या गल्लीत जायची गोष्ट होती. गाडीचा वेग बदलला, पण "इथेच तर जायचंय" हे वाक्य बदललं नाही. आजही हेल्मेट न घालण्याचं सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण हेच आहे.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२९. दुचाकी चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने सार्वजनिक ठिकाणी संरक्षक हेल्मेट घातलं पाहिजे, असं ते सांगतं. पगडी बांधणाऱ्या शीख माणसाला त्यातून सूट आहे. या कलमात हेल्मेटची व्याख्याही दिली आहे आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला, अपघातात इजेपासून काही प्रमाणात संरक्षण मिळेल अशी वाजवी अपेक्षा ठेवता येईल असा त्याचा आकार, साहित्य आणि बांधणी असली पाहिजे. दुसरा, ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असलं पाहिजे. म्हणजे कायद्याच्या नजरेत बकल न लावलेलं हेल्मेट हे हेल्मेटच नव्हे. कोपरातल्या हेल्मेटबद्दल तर बोलायलाच नको.

हा विषय १९८८ मध्ये अचानक उपटला नव्हता. त्याआधीच्या १९३९ च्या कायद्यातही नंतर याबद्दलचं कलम घातलं गेलं होतं. आंध्र प्रदेशातल्या अशा नियमाला एका नागरिकाने आव्हान दिलं. हेल्मेटची सक्ती म्हणजे माझ्या संचारस्वातंत्र्यावर घाला आहे, असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच 'अजय कानू' खटल्यात ते फेटाळलं. हा नियम माणसाला फिरण्यापासून अडवत नाही, त्याचा जीव वाचावा म्हणून आहे, असा त्या निकालाचा रोख होता. कायद्यापुरता प्रश्न तिथे मिटला. पुण्यात तो मिटला नाही.

'हेल्मेटसक्ती' हा एक शब्द

आता भाषेकडे परत येते. मराठी वर्तमानपत्रं उघडा. पुण्याच्या पानावर 'हेल्मेट' हा शब्द एकटा क्वचित भेटतो. तो भेटतो 'हेल्मेटसक्ती' असा, जोडून. हेल्मेटसक्ती पुन्हा सुरू, हेल्मेटसक्तीला विरोध, हेल्मेटसक्ती मागे. 'हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती' आहे, पण हेल्मेटविरोधी समिती नाही, हे त्यातले कार्यकर्ते आवर्जून सांगतात. "आमचा हेल्मेटला विरोध नाही, सक्तीला आहे." हे वाक्य पुण्यात इतक्या वेळा उच्चारलं गेलंय की त्याची म्हण व्हायची बाकी आहे.

घटनाक्रम थोडक्यात सांगते. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी राज्यात सक्तीची मोहीम घेतली आणि पुण्यात विरोध झाला. त्याच वर्षी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही घोषणा झाली, तीही टिकली नाही. १ जानेवारी २०१९ पासून पोलीस आयुक्त के. वेंकटेशम यांच्या काळात पुन्हा जोरात कारवाई सुरू झाली. आंदोलनं झाली आणि काही जण चक्क पुणेरी पगडी घालून त्यात उतरले. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातल्या आमदारांच्या तक्रारींनंतर मुख्यमंत्र्यांकडून ही कारवाई थांबवण्याच्या सूचना आल्या. कायदा तोच होता, कलम तेच होतं. लागू व्हायचा आणि विरायचा, एवढंच.

पगडी घालून निदर्शनं करण्यातला विनोद मला आवडतो, पण त्यातला इतिहासही दिसतो. महाराजांच्या गोष्टीत वस्त्र वर आणि लोखंड आत होतं. इथे वस्त्र की लोखंड, असा प्रश्न करून टाकला गेला. जणू काही मान राखायचा तर डोकं उघड्यावर टाकावं लागतं. "शिर सलामत तर पगडी पचास" ही म्हण आपल्याकडेच रोज वापरली जाते, हे विशेष.

'सक्ती'चं वय

'सक्ती' हा शब्द अनेकांना संस्कृत 'शक्ती'चा भाऊ वाटतो. तो तसा नाही. फारसी 'सख्त', म्हणजे कठीण, कडक, त्यावरून 'सख्ती' आणि तिची मराठी 'सक्ती'. 'सक्तमजुरी'मधलं 'सक्त' तेच. आणि इथे माझा पीएचडीचा काळ सुरू होतो, कारण 'तुमच्या रक्षणासाठी तुमच्यावर सक्ती' हे वाक्य पुण्याने हेल्मेटच्या शंभर वर्षं आधी ऐकलं होतं.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ करायचं होतं. हेतू संरक्षणाचा होता, आणि कोणाच्या संरक्षणाचा हे स्पष्ट होतं, लहान मुलींच्या. पुण्यात यावरून रान पेटलं. लोकमान्य टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने कायद्याने आमच्या घरात शिरू नये, सुधारणा समाजाने आपण होऊन करावी. आगरकर कायद्याच्या बाजूने होते. डॉ. रा. गो. भांडारकर शास्त्रग्रंथांचे आधार काढून कायद्याचं समर्थन करत होते. 'आमचा सुधारणेला विरोध नाही, सक्तीला आहे' हा सूर तुम्हाला ओळखीचा वाटतोय ना?

मग १८९७ चा प्लेग. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चमध्ये गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घ्यायला लागले. रोगी उचलून इस्पितळात, घरची माणसं 'सेग्रिगेशन' छावणीत, सामान रस्त्यावर. हेतू शहर वाचवण्याचा होता. पण बायकांची तपासणी, देवघरापर्यंत बूट, तक्रारीला दाद नाही, हे सगळं त्या हेतूबरोबर आलं. पंडिता रमाबाईंनीही तिथल्या व्यवस्थेवर जाहीर टीका केली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली.

त्याच प्लेगमध्ये, त्याच मार्च महिन्यात, १० तारखेला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली होती. शहर एक, साथ एक, आणि रक्षण करण्याच्या दोन रीती. एक दार ठोठावून हुकूम देणारी, दुसरी आजाऱ्याजवळ जाऊन त्याला हात लावणारी. मला अभिलेखागारात बसल्यावर या दोन गोष्टी एकाच महिन्यातल्या आहेत, हे पुन्हा पुन्हा आठवतं.

पण थांबा. इथे एक घाई करणं फार सोपं आहे. "बघा, पुण्याला सक्तीची जुनी जखम आहे, म्हणून हेल्मेटला विरोध." मलाही सुरुवातीला असंच वाटलं होतं. मी ते एका टिपणात लिहिलंही होतं. आता ते मला पटत नाही. रँडची सक्ती परक्या सत्तेची होती. तिच्याविरुद्ध मत द्यायची सोय नव्हती. कलम १२९ आपण निवडून दिलेल्या संसदेने केलंय. सोल्जर घरात शिरत होता, मामा चौकात उभे असतात. दोन्हीला एकच शब्द वापरला म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. उलट शब्द एक असल्यामुळेच आपल्याला त्या एक वाटायला लागतात, आणि चौकातल्या पावतीला थेट चापेकरांचं तेज चढतं.

शिवाय 'सक्ती'ला मराठीत दुसरंही घराणं आहे. सक्तीचं शिक्षण. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं पाऊल उचललं. पुण्यात १९२० च्या सुमारास मुलींनाही शिक्षण सक्तीचं करावं का, यावर जोरदार वाद झाला. ज्यांच्या घरात शाळा पिढ्यान् पिढ्या होती त्यांना सक्ती जाचक वाटली. ज्यांना शाळेच्या दारातही उभं केलं जात नव्हतं त्यांच्यासाठी सक्ती म्हणजे उघडलेलं दार होतं. २००९ च्या कायद्याच्या नावात तर मोफत आणि सक्तीचं शिक्षण 'हक्का'च्या शेजारी बसलंय. म्हणजे शाळा आणि हेल्मेट, ती दोन लांबची भावंडं, मराठीत दोघांनाही सक्ती चिकटली. एकीला ती पचली. आज कुणी 'शाळासक्ती' म्हणत नाही.

स्कार्फची सक्ती कुणी केली?

विरोधकांचे मुद्दे मला हसण्यावारी न्यायचे नाहीत. शहरात वेग कमी असतो, उकडतं, मागून हॉर्न ऐकू येत नाही, मान दुखते, गाडी लावल्यावर हेल्मेट ठेवायचं कुठे, आधी खड्डे बुजवा, दंडातून तिजोरी भरायचीय. यातला खड्ड्यांचा मुद्दा पूर्ण खरा आहे. हेल्मेट घातल्याने रस्ता चांगला होत नाही, आणि पोलिसांनी पावती फाडली म्हणून महापालिकेची जबाबदारी संपत नाही. पण खड्डा आहे म्हणून डोकं उघडं ठेवायचं, हे गणित मला सुटत नाही. खड्डा हे तर हेल्मेट घालण्याचं कारण झालं.

उकडण्याचा मुद्दा मात्र मला फार विचारात पाडतो. कारण याच पुण्यात, याच उन्हात, आम्ही मुली डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून, हातमोजे घालून, वर सनकोट चढवून गाडी चालवतो. फक्त डोळे दिसतात. बाहेरून येणारे याची थट्टा करतात. 'स्कार्फ' हाही इंग्रजी शब्द, हीसुद्धा संरक्षणाचीच वस्तू, धुळीपासून, उन्हापासून, धुरापासून, आणि खरं सांगायचं तर नजरांपासूनही. याची सक्ती कोणत्या आयुक्तांनी केली? कुणीच नाही. कुठलंही कलम नाही, पावती नाही, समिती नाही. थोरल्या बहिणीने धाकटीला, मैत्रिणीने मैत्रिणीला कसा गुंडाळायचा ते शिकवलं. स्कार्फ 'घेतात' आणि लगेच 'बांधतात'. तो डिकीत ठेवून कुणी फिरत नाही.

मग फरक काय? ऊन रोज लागतं, धूळ रोज बसते. स्कार्फने काय वाचलं ते संध्याकाळी तोंड धुताना कळतं. हेल्मेटने काय वाचवलं ते हजार फेऱ्यांत कळत नाही, आणि ज्या एका फेरीत कळतं त्या वेळी ते नसलं तर सांगायला आपण उरू याची खात्री नसते. रोज न दिसणाऱ्या धोक्यासाठी माणूस आपण होऊन सवय लावून घेत नाही. तिथे नियम लागतो. संमतिवयाच्या वेळचा 'समाज आपण होऊन करेल' हा युक्तिवाद मी रोज वाचते, आणि तेव्हाही प्रश्न हाच होता की तोवर ज्यांचा जीव जातोय त्यांचं काय.

डिकीत

आता एक कबुली देते, कारण ती दिल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, वळणावरच्या बारीक खडीवरून माझी गाडी घसरली. वेग विसाच्या आसपास असेल. फुटपाथच्या कडेला डोकं लागलं. कानाच्या वर सहा टाके पडले आणि दोन दिवस सगळं गरगरत होतं. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "हेल्मेट होतं?"

मी म्हटलं, "होतं."

"कुठे?"

"डिकीत."

ते काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांनी हे उत्तर आधीही पुष्कळदा ऐकलं असावं. त्या दिवशी मी सकाळपासून प्लेगच्या वर्षातले कागद वाचत होते, सक्ती वाईट की चांगली यावर टिपणं काढत होते, आणि हेल्मेट 'घेतलं' होतं.

म्हणून तुमच्याकडे एक छोटं मागणं आहे. सक्ती असावी की नसावी यावर आपण भांडू या, ते या शहराचं आवडतं काम आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण घरातून कुणी निघताना विचारायचं वाक्य तेवढं बदला. "हेल्मेट घेतलंस का?" नको. "घातलंस का, आणि बकल लावलंस का?" असं विचारा. मागे बसणाऱ्यालाही विचारा. माझी आई आता असंच विचारते, आणि उत्तर ऐकून थांबत नाही, गॅलरीत येऊन बघते.